प्रार्थनेच्या गोळ्या

मी माईकवर चांगला खणखणीत आमेन म्हणालो, आणि मग माझ्या टाळक्यात शिरलं की मी कशाला आमेन म्हणालो. तोवर सगळं होऊन गेलं होतं. मंडळीनं माझ्यामागोमाग आमेन म्हटलं होतं, ढोलकीवाल्यानं दोन थापा मारल्या होत्या, आमच्या वडील मंडळातले रूपरावजी दोन्ही हात वर करून हालेलुया म्हणत होते, आणि रुख्माबाई पदरानं डोळे पुसत आपल्या जागी जाऊन बसली होती. साक्षीची वेळ होती. आमच्याकडे उपदेशाच्या आधी साक्षी होतात. ज्याला देवानं काही दिलं तो उभा राहतो आणि सांगतो, पोराला नोकरी लागली, हरवलेली म्हैस सापडली, गुडघा दुखायचा थांबला. पाळकानं शेवटी आमेन म्हणायचं. गोष्ट सांगणाऱ्याला आपण हुंकार देतो ना, तसं. पिपरी मेघेच्या या पत्र्याच्या हॉलमध्ये मी इतकी वर्षं हुंकार देतो आहे की साक्ष ऐकायची गरजच उरलेली नाही. आवाज चढला, थरथरला, खाली आला की आमेन. त्या वेळी मी उपदेशाच्या कागदात डोकं घालून बसलो होतो, दुसरा मुद्दा तिसऱ्याच्या आधी घ्यावा की नंतर या महान प्रश्नात. आणि रुख्माबाई सांगत होती, "माह्या काजलच्या फिटच्या गोळ्या म्या बंद करून टाकल्या. देवाच्या भरवशावर टाकल्या. आता येशूच पाहीन तिले." कान ऐकत होते, मी ऐकत नव्हतो. तोंडानं आपलं काम केलं.

राग आला. असा आला की कागद हातात चुरगळला. पहिला रुख्माबाईचा, कारण तो सोपा होता. मग रूपरावजींचा, कारण त्यांचे हात अजून वरच होते. मग त्या ढोलकीच्या दोन थापांचा. बायकांच्या बाजूला सतरंजीवर काजल बसली होती, अकरावीतली पोरगी, हनुवटीखाली चुलीजवळ पडली तेव्हाचा भाजल्याचा व्रण. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, विनवणीनंही नाही. एखादा माणूस काय करतो ते बघायचं असतं तसं. मी तिथंच म्हणायला हवं होतं, थांबा, आमेन परत घेतो. पण आमेन परत कसा घेतात? मला सेमिनरीत सगळं शिकवलं. बाप्तिस्मा कसा द्यावा, लग्न कसं लावावं, माती कशी द्यावी, भांडणारी मंडळी कशी सांभाळावी. आमेन परत घ्यायचा विधी कुठंच नव्हता. मी कागद सरळ केला आणि उपदेशाला सुरुवात केली. विषय होता, देवानं दिलेलं झाकून ठेवू नये, वाटावं. दुसरा मुद्दा आधी घेतला. काय बोललो ते मला सांगता येणार नाही, पण लोक म्हणाले की आज पास्टरमध्ये आग होती.

उपासना सुटल्यावर बाहेर कडुलिंबाखाली चहा असतो. तिथं मी रूपरावजींना गाठलं. एसटी डेपोतून रिटायर झालेला माणूस, मनानं वाईट नाही, मंडळीत कोणी मेलं तर पहिली गाडी त्यांची निघते. पण मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे त्यांचं संस्थान. सकाळी उठल्यापासून ते त्यात व्हिडिओ ओततात. एक उपदेशक आहे, पांढरा सूट, पांढरे बूट, हिंदीत ओरडतो, आणि मग कॅमेऱ्याकडे पंजा करून सांगतो की स्क्रीनवर हात ठेवा.

"तो व्हिडिओ रुख्माबाईला तुम्ही पाठवला?" मी विचारलं.

"मी तं रोजच पाठवतो. कोणता?"

"गोळ्या फेका म्हणणारा."

"फेका नाई म्हणत तो. तो म्हणते का विश्वास धरा. लाखो लोक पाहून राह्यले, पास्टर. तुमचा उपदेश किती जण पाह्यते?"

"अहो, पोरगी मेली तर? फिटच्या गोळ्या अशा एकदम बंद केल्या तर एकावर एक झटके येतात. उद्या पेपरात येईल, प्रार्थनेनं उपचार करणारे. मग तो पांढरा बूटवाला येणार आहे का पिपरीत?"

"अजी शुभ बोला," रूपरावजी बशीत चहा ओतत म्हणाले. "तुमचा अभ्यास झाला जास्त अन् विश्वास झाला कमी. राग नोका मानू. अन् आमेन तं तुमीच म्हटलं न माईकवर? आता कायले कटकट करता?"

कप्पाळ! मी चहा न पिता घरी आलो. मयुरीनं, माझ्या बायकोनं, ताट वाढलं. ती शाळेत गणित शिकवते, तिला फापटपसारा चालत नाही. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो की मी ऐकलंच नव्हतं गं. ती म्हणाली, "ते मला सांगू नका. गॅस संपला म्हटलं तरी तुम्ही हूं म्हणता. आई गेली म्हटलं तरी हूं म्हणाल. आधी जेवा, मग नालवाडीला जा आणि तिच्या तोंडात गोळी घालून या. तिथं शिकवत बसू नका." मला तिचाही राग आला. शिकवत बसू नका! मी आयुष्यात दुसरं केलं काय? शिकलो आणि शिकवलं. पुण्याच्या त्या सेमिनरीच्या लायब्ररीत पंख्याखाली बसून मी जाडजूड प्रबंध लिहिला, आणि तो कशावर होता सांगू? शुभवर्तमानातल्या त्या फिट येणाऱ्या मुलावर. थट्टा नाही. बाप त्याला येशूकडे घेऊन येतो, मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, शिष्यांना काही जमत नाही. ती एवढीशी गोष्ट. मी तिच्यावर वर्षानुवर्षं घासलो. ग्रीकमध्ये वाचली, जर्मन विद्वानांनी काय म्हटलं ते इंग्रजीतून वाचलं, बापाच्या आक्रोशाचा अर्थ लावला, शिष्यांच्या अपयशाचा लावला. परीक्षकांनी पाठ थोपटली. बाबा कारंजाहून आले होते तेव्हा, जाकीट घालून, आणि प्रबंध हातात घेऊन वजन बघावं तसं खालीवर करून म्हणाले, "आता त्या पोराचं पुढं काय झालं, लिव्हलं का?" सगळे हसले. मीही हसलो. आता जेवताना तो प्रश्न आठवला आणि मी घास परत ताटात ठेवला, कारण खरंच, पुढं त्या पोराचं काय झालं, दुसऱ्या दिवशी, पुढच्या महिन्यात, त्याच्या आईनं कसे दिवस काढले, यावर माझ्या प्रबंधात एक ओळ नव्हती. कोणाच्याच प्रबंधात नव्हती.

नालवाडीत रुख्माबाईचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं टीनाचं छप्पर. मूळची ती कारंजा घाडगेकडची, गोंड घरातली. नवरा अजून तिकडेच जंगलखात्याच्या रोजंदारीवर असतो, ही इथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते. मी गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "जय ख्रिस्त, पास्टर," म्हणून खुर्ची पुसून दिली. काजल दाराशी पुस्तक घेऊन बसली होती, पण पान उलटत नव्हती. मी सुरू केलं. मयुरीनं बजावलं होतं तरी मी शिकवायला बसलो. डॉक्टर हीसुद्धा देवाची देणगी आहे, औषधात देवानंच गुण घातला, विश्वास आणि उपचार यांचं वैर नाही. व्याख्यान चांगलं झालं. रुख्माबाई सुपातले खडे वेचत ऐकत राहिली.

"झालं का?" ती म्हणाली. "मंग मले सांगा. येशूनं त्या पोराले गोळी देल्ली होती का?"

"नाही, पण त्या काळात..."

"नाई न देल्ली. मंग ते खोटं होय का? खोटं असन तं तसं सांगा रविवारी. मी बी ऐकतो."

"खोटं नाही म्हणत मी."

"मंग काय म्हणता?" आता तिनं सूप खाली ठेवलं. "गोळी खाल्ली का माही पोट्टी दिवसभर पेंगते. वर्गात झोपते. मॅडम म्हणते, हिले सायन्सले कायले टाकलं. गोळी नाई खाल्ली का फिट येते. डॉक्टर म्हणते गोळी खा. तुमाले विचारलं तं तुमी म्हणान डॉक्टरले विचार. बरी होईन असं कोणी म्हणते का? त्या फोनवाल्यानं म्हटलं. बरी होईन म्हटलं त्यानं. तुमी एवढे शिकले, तुमच्या तोंडून हा शबद निघाला का एक डाव तरी?"

नाही निघाला. कारण मला माहीत आहे की असं म्हणू नये, खोटी आशा देऊ नये, ते बेजबाबदारपणाचं असतं. मी प्रामाणिक माणूस आहे. माझ्या प्रामाणिकपणाला चाटायचंय का तिनं? आणि तो पांढऱ्या बुटातला लफंगा हजार मैलांवरून तिला बरी म्हणाला, तिनं आपला कापसानं चिरलेला हात काचेवर ठेवला, आणि त्या रात्री ती बाई पहिल्यांदा नीट झोपली असेल. मला त्याची मान मुरगाळावीशी वाटली. त्याहून जास्त स्वतःची.

"गोळी बदलता येते, रुख्माबाई," मी म्हणालो. "पेंग येते म्हणून सांगायचं डॉक्टरला. दुसऱ्याही गोळ्या असतात. मी येतो सोबत. पण तोवर ही बंद करू नका. एकदम बंद केली तर जीवावर बेततं."

"तुमी आमेन म्हटलं," ती म्हणाली, साधेपणानं. भांडत नव्हती. "पाळकानं आमेन म्हटलं, आता माघारी फिरली तं देव मले काय म्हणन?"

काजल मधेच आईला काही बोलली, गोंडीत. आई तिला गोंडीतच ओरडली. मला त्यातलं फक्त गोळी कळलं, आणि डॉक्टर, आणि पास्टर. दोघींचं बराच वेळ चाललं. आपल्याविषयी आपल्यासमोर परक्या भाषेत बोलणं चाललं की माणूस लहान होतो. शेवटी काजल उठून आत गेली आणि एक स्टीलचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. त्यात गोळ्या होत्या, पाकिटाची पाकिटं, फेकलेल्या नव्हत्या. काजल म्हणाली, "काई करा पास्टर, पण करा." आणि मला त्या डब्याकडे बघताना बाबा आठवले. बाबाही मंडळीचे सेवक होते, कारंजाच्या आसपासची गावं सायकलवर फिरायचे, आणि हायवेवरच्या ढाब्यांवर ट्रकवाले त्यांना हाक मारायचे, ओ पास्टरजी, हमारे स्टेअरिंग पे भी दुवा कर दो. बाबा चढायचे आणि स्टेअरिंगवर हात ठेवून प्रार्थना करायचे. सेमिनरीच्या पहिल्या सुट्टीत मी त्यांना त्यावरून झापलं होतं, मोठा शहाणा, की लोखंडावर कसली प्रार्थना, ही जादूटोण्याची वृत्ती झाली. बाबा विडा जुळवत म्हणाले, "प्रार्थना केली का तो ड्रायव्हर त्या दिवशी पीत नाई न बे." मी म्हणालो होतो की हा युक्तिवाद नाही. तेलाच्या बाटल्या, मंतरलेलं पाणी, रुमाल, मी सगळ्याच्या विरुद्ध उभं आयुष्य काढलं. आमच्या हॉलमध्ये तसली बाटली कोणी आणली तर मी परत पाठवतो. लोकांना माहीत आहे.

मी डबा मांडीवर घेतला. दोन्ही हात त्या पाकिटांवर ठेवले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. माझ्यासारखी नाही, त्या पांढऱ्या बुटवाल्यासारखी. हिंदीत, चढ्या आवाजात, शेजारी दारात येऊन उभे राहतील अशी. हे प्रभू, इन गोलियों को छू, हर एक गोली में अपनी सामर्थ उतार दे. मला माझीच शिसारी येत होती आणि आवाज वाढतच होता. आणि मधेच कुठंतरी, कसं ते मला कळलं नाही, मी खरोखर मागायला लागलो. नाटक सुटलं आणि मराठी आली. ही पोरगी बरी होऊ दे. बरी. तुला काय जड आहे? काऊन नाही करत तू? काऊन? बरी, हा शब्द माझ्या तोंडून निघाला. डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते, आणि याचाही मला संताप आला, की खरी प्रार्थना आली ती या असल्या तमाशात आली, इतक्या रविवारी आली नाही. रुख्माबाई हमसून रडत होती. तिनं पाकिटातून गोळी काढली, काजलच्या तोंडात स्वतः घातली, पाणी पाजलं, आणि मोठ्यानं आमेन म्हणाली. काजलनं गोळी गिळली आणि माझ्याकडे बघून जरा हसली. काम झालं होतं. परतताना मी गाडी इतकी जोरात हाणली की चौकात पोलिसानं शिटी मारली.

घरी मयुरी म्हणाली, "गेली ना पोटात? मग झालं तर. कशी गेली ते देव बघेल." आठवडाभर मी मनाची समजूत घालत होतो. म्हटलं, ड्रायव्हर पीत नाही, पोरगी गोळी खाते, बाबांचं बरोबर. गुरुवारी तर मी जरा खूषसुद्धा होतो. ग्रुपवर रूपरावजींनी टाकलं होतं की पास्टरसाहेबांवर नवा अभिषेक उतरला आहे, त्याखाली हात जोडलेल्या खुणांची रांग. ते मी वाचलं, पण काही लिहिलं नाही. डॉक्टरकडे काजलला पुढच्या आठवड्यात न्यायचं ठरलं होतं. म्हटलं, तोवर हे निभेल.

रविवारी साक्षीची वेळ झाली आणि मी या खेपेला कागद बाजूला ठेवून, कान टवकारून बसलो. भागीरथा उभी राहिली. तिचा नवरा हरिदास गवंडी, हात सोन्याचे आणि दारूत बुडालेला. मंडळीत त्याच्यासाठी प्रार्थना करून करून लोक थकले होते. भागीरथा मुसमुसत म्हणाली, "बुधवारपासून थेंब नाई घेतला त्यानं. रुख्माबाईनं मले प्रार्थनेच्या गोळ्या देल्ल्या. म्या वरणात कालवून चारल्या. तवापासून शांत झोपून राह्यला माहा माणूस. उठते, पुन्यांदा चारतो, पुन्यांदा झोपते. आज तं हलवलं तरी उठत नाई, एवढी शांती देल्ली प्रभूनं."

"आमेन!" अख्खा हॉल म्हणाला. ढोलकी वाजली.

"गप्प बसा!" मी ओरडलो. माईकवर. आवाज पत्र्याला आदळून परत आला. "गप्प! कोणी आमेन म्हणायचं नाही! अगं बाई, शांती कसली, तुझा नवरा बेशुद्ध पडलाय! दारूवर ती गोळी? रूपरावजी, गाडी काढा. आत्ता. हरिदासच्या घरी."

"झोपला हाये तं झोपू द्या न जी," कोणीतरी पुरुषांतून म्हणालं.

"गाडी काढा म्हणतो ना!" आजवर मी त्या हॉलमध्ये असा ओरडलो नव्हतो. रूपरावजी उठले, बूट उलटसुलट घालत पळाले, त्यांच्यामागं भागीरथा. मी मंचावरून उतरलो आणि रुख्माबाईसमोर जाऊन उभा राहिलो. "किती जणांना दिल्या?"

ती घाबरली नाही. उलट तिची मान ताठ होती. "साऱ्याइले देल्ल्या. भागीरथाले देल्ल्या, शेजारच्या म्हाताऱ्याले देल्ल्या, त्याचे गुडघे दुखते. तुमीच तं त्या रविवारी सांगितलं, देवानं देल्लेलं झाकून ठेवू नोका. मंग आशीर्वाद मी एकटीच घरात लपवून ठेवू का?"

माझा उपदेश ऐकून त्याप्रमाणे वागलेली एवढ्या वर्षांतली ती पहिली बाई. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, इथं औषध गावाला आणि म्हैस तशीच. "आणि काजलला?" मी विचारलं. "काजलला रोज देता ना?"

"एक देल्ली त्या दिवशी, तुमच्यासमोर. मंग संपत आल्या नं. शेवटची एक तिच्या उशाखाली ठेवली हाये जपून. खाल्ली तं संपून जाईन. उशाखाली राह्यली तं रोज राखन."

मी काजलकडे वळलो. ती काही सांगायला तोंड उघडत होती, पण शब्द निघाला नाही. मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले आणि ती आडवी पडली. सतरंजीवर डोकं आपटल्याचा आवाज झाला. मग सगळा हॉल उठला. एवढे हात तिच्यावर आले की ती दिसेना, जो तो ओरडत होता, येशूच्या नावानं निघून जा, येशूच्या नावानं. एकजण एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात हुंगवायला चप्पल घेऊन धावत आला. "हात काढा!" मी लोकांना कोपरांनी ढकलत होतो. "हवा सोडा! चप्पल फेक ती! प्रार्थना बाहेर जाऊन करा!" मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा कोट घातला, तोंडातला फेस रुमालानं पुसला. जर्मन विद्वानांनी त्या फेसाबद्दल काय काय लिहिलंय. तो गरम असतो, हे कोणी लिहिलेलं नाही. तिचे हातपाय झटकत होते आणि मी तिथं गुडघ्यावर बसून देवाला शिव्या देत होतो. होय, शिव्या. मनातल्या मनात, पण खऱ्या, डेपोतल्या. ती प्रार्थना होती का ते मला माहीत नाही, पण त्यात एकही शब्द सवयीचा नव्हता.

झटका थांबला. ती घोरायला लागली. रूपरावजींची गाडी तोवर परत आली होती, आम्ही तिला तीत घातलं, मागच्या सीटवर हरिदास आधीच आडवा होता, भागीरथा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आता रडतही नव्हती. वाटेत रूपरावजी म्हणाले, "पास्टर, एक प्रार्थना करा न." मी म्हणालो, "गाडी चालवा." ते चालवत राहिले. त्यांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि मला एकदम त्यांची कीव आली. कोणीच वाईट नव्हतं त्या गाडीत. त्याचीच तर चीड येत होती. एखादा नालायक असता तर बरं झालं असतं, त्याला दोन थोबाडीत मारून मोकळा झालो असतो. दवाखान्यात हरिदासला आत घेतलं, नळ्या लावल्या. बऱ्याच वेळानं तो शुद्धीवर आला, आणि वाचला म्हणून सांगितलं तेव्हा भागीरथा तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. गुडघेवाल्या म्हाताऱ्याला निरोप गेला. त्यानं गोळी कडू लागली म्हणून थुंकली होती, त्याचं बरं झालं. काजलला तपासणारी डॉक्टरीण तरुण होती, थकलेली. तिनं विचारलं, "गोळ्या का बंद केल्या?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी आमेन म्हणालो म्हणून." तिला काही कळलं नाही. तिनं मान हलवली आणि कागदावर लिहायला लागली. मी पुढं झालो आणि सांगितलं की पोरीला पेंग येते, वर्गात झोपते, सायन्सला आहे, दुसरं काही देता येईल का. ती म्हणाली की येईल की, बदलून देते, आधी कोणी सांगितलं नाही का? रुख्माबाईनं ते ऐकलं. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

संध्याकाळी काजल व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती, भिंतीला डोकं टेकून, जीभ चावली गेल्यानं ओठ सुजलेला. मी औषधांच्या खिडकीवरून नव्या गोळ्या घेऊन आलो. रुख्माबाई उठून उभी राहिली. दिवसभरात ती खचली होती, तरी तिचे हात आपोआप जोडले गेले. "पास्टर," ती हळूच म्हणाली, "याच्यावर बी हात ठेवा न एक डाव. या बारी कोणाले नाई देत. आईची आन." बाजूच्या बाकावरचे लोक बघायला लागले. रूपरावजींनी टोपी काढली आणि डोळे मिटून घेतले, तयारीत. पाकिटं माझ्या हातात होती. माझी बोटं त्यांच्यावर होतीच, नुसते डोळे मिटायचे बाकी होते, आणि मला माहीत होतं की मिटले तर प्रार्थना येईल, खरी येईल, गेल्या रविवारसारखी. तेच भय होतं. मी उभाच राहिलो, राग कोणावर काढावा ते न कळून.

काजलनं हात पुढं केला. सुजलेल्या ओठांतून तिला नीट बोलता येत नव्हतं.

"याच्यावर प्रार्थना तं नाई न केली अजून?" तिनं विचारलं.

"नाई," मी म्हणालो.

"मंग द्या."

मी दिल्या. आई पाण्यासाठी वळेपर्यंत तिनं एक गोळी फोडून गिळली होती, आणि बाकीची पाकिटं आपल्या कुडत्याच्या खिशात घालून त्यावर हात दाबून धरला होता.